कवळाण्याच्या गोपाळने सरकारी खर्चातून उघडली गाण्याची शाळा

मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे गाव आज सगळ्यांना माहीत आहे ते महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यामुळे. सक्तीचं शिक्षण, वाचनालयं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती या गोष्टी सयाजीरावांच्या नावाने नेहमी सांगितल्या जातात. पण त्यांनी गाण्याचीसुद्धा सरकारी शाळा काढली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ चा. मूळ नाव गोपाळ, वडील काशीराव. घराणं गायकवाडांचंच, पण दूरच्या शाखेचं, घरी शेतीवाडी. बाराव्या वर्षापर्यंत गोपाळला धड अक्षर ओळखीचं नव्हतं. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून दूर केलं आणि खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई दत्तक मुलगा शोधू लागल्या. कवळाण्याहून तीन भावांना बडोद्याला नेण्यात आलं. कशाला आलात असं विचारल्यावर गोपाळने राज्य करायला आलोय असं बिनधास्त सांगितलं, अशी गोष्ट आजही सांगतात. खरीखोटी कोण जाणे! पण २७ मे १८७५ ला तो गादीवर बसला, हे मात्र इतिहासात नोंदलेलं आहे.

मग अभ्यास सुरू झाला. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा एकदम. ज्या वयात बाकीची पोरं शाळा संपवत आणतात, त्या वयात या पोराने पाटी हातात धरली. पुढे शिक्षणावर त्यांनी एवढा जोर का दिला, ते इथेच कळतं. १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

त्या काळी गाणं कुठे होतं? एक तर दरबारात, नाही तर उस्तादाच्या घरी. बडोद्याच्या दरबारात कलावंतांसाठी वेगळं खातंच होतं. गवय्ये, वादक, नर्तकी सगळे तिथे पगारावर. महाराजांचं पहिलं लग्न १८८० मध्ये तंजावरच्या राजघराण्यातल्या मुलीशी झालं, तेव्हा तिकडच्या भरतनाट्यमच्या कलावंतिणीही बडोद्यात आल्या. पण हे सगळं वाड्याच्या आत. बाहेरच्या पोराला गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं सेवा करायची, आणि उस्तादाची मर्जी झाली तरच चीज मिळायची.

१८८६ मध्ये महाराजांनी गायनशाळा काढली आणि मौलाबक्ष यांच्या हाती दिली. मौलाबक्ष उत्तरेकडचे, पण म्हैसूरला राहून दक्षिणेचं संगीतही शिकलेले. दोन्हीकडचं गाणं ऐकून त्यांनी एक काम केलं, गाणं कागदावर उतरवण्याची पद्धत बसवली. स्वर कोणता, किती मात्रा, ताल कुठे, सगळं चिन्हांनी लिहायचं. गुजराती आणि मराठीत पुस्तकं तयार केली. वर्गात तीस पोरं बसली तर एकेकाला मांडीला मांडी लावून शिकवता येत नाही, त्यासाठी पुस्तक लागतं. जुन्या उस्तादांना हे रुचणारं नव्हतंच. तान कागदावर कशी मावणार, ही शंका तशी चुकीचीही नव्हती. घराण्याची गायकी वहीतून येत नाही. पण महाराजांना प्रत्येक पोराला उस्ताद करायचं नव्हतं, गाण्याचं दार उघडायचं होतं.

शिवाय त्या काळात घरंदाज घरात गाणं शिकणं म्हणजे कमीपणा. पोरगं बिघडलं, असंच लोक म्हणायचे. मुलीचं तर नावच नको. ज्या शाळेला सरकारची मान्यता आहे, वेळापत्रक आहे, शिक्षक सरकारी पगारावर आहे, तिथे पाठवायला आईबापाला एवढा संकोच राहत नाही. सरकारी शिक्का इथे असा उपयोगी पडला. मौलाबक्षांचे चिरंजीव अलाउद्दीन खान यांना महाराजांनी संगीत शिकायला लंडनलाही पाठवलं. मौलाबक्षांचा नातू इनायत खान याच घरात वाढला. पुढे परदेशात सूफी विचार घेऊन गेले, ते हेच.

गायनशाळेनंतर चारच वर्षांनी, १८९० मध्ये, कलाभवन उभं राहिलं. प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर. चित्रकला, रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, आणि शिकवणं मातृभाषेतून. कलेची आणि हाताच्या कामाची अशी एकाच छपराखाली सोय त्या काळात दुर्मीळ होती. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर इथेच शिकायला गेले. १९१३ मध्ये त्यांनी राजा हरिश्चंद्र काढला. कवळाणे आणि त्र्यंबक, दोन्ही नाशिक जिल्ह्यातलीच.

प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात झाला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. पण एक खरं सांगायला हवं, शाळा खेडोपाडी पोचली तरी गाण्याचा शिक्षक तेवढा पोचला नाही. गायनशाळेचा फायदा शहरातल्या पोरांनाच जास्त झाला. अक्षरं शिकवायलाच मास्तर पुरत नव्हते, तिथे पेटीवाला मास्तर कुठून आणणार? खेड्यातल्या पोराचं गाणं भजनात आणि जत्रेतच राहिलं.

मार्च १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं, पाठबळ महाराजांचं. गवई, वादक आणि संगीताचे अभ्यासक एका मंडपात बसले. रागाचे नियम, स्वरलेखन, देशासाठी एक संगीत संस्था यावर चर्चा झाली. ती संस्था काही लगेच उभी राहिली नाही. पण दोनच वर्षांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी संगीत विद्यालय काढलं, आणि १९२६ मध्ये लखनौला कॉलेज सुरू झालं. दोन्हीकडे भातखंडेच होते. लखनौच्या कॉलेजमागे तर प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली उभे राहिले.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत वारले. संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये महाराजांच्या नावाने विद्यापीठ निघालं आणि गायनशाळा त्यात सामील झाली. बडोद्यात सूरसागर तलावासमोरच्या त्या इमारतीत आजही गाणं, वाद्यं, नृत्य आणि नाटक शिकवलं जातं.