मौलाना अल्ताफ हुसेन हाली : समाजासाठी झिजलेली लेखणी



अल्लाहने प्रत्येक माणसाला काही ना काही देणगी दिली आहे. कोणाच्या वाणीत गोडवा आहे, कोणाच्या हातात कला आहे, तर कोणाला शब्द प्रसन्न आहेत. ही देणगी आपल्या मालकीची नसून ती आपल्याजवळ ठेवलेली अमानत आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागणार आहे, हे आपण मान्य करतो. परंतु त्याप्रमाणे वागतो का? विशेषतः आपल्या घरातील जो मुलगा किंवा मुलगी कविता लिहिते, चित्र काढते, तिच्या या गुणाकडे आपण अभ्यासातील अडथळा म्हणून पाहतो, की समाजाच्या उपयोगी पडणारे साधन म्हणून? या प्रश्नाचा विचार करताना मौलाना हाली यांचे जीवन आपल्याला पुष्कळ काही शिकवते.

अल्ताफ हुसेन यांचा जन्म १८३७ साली पानिपत येथे झाला. पानिपत म्हटले की आपल्या मराठी मनाला १७६१ चे रणांगण आठवते. पण त्याच गावात विद्वानांची आणि सूफी सत्पुरुषांची दीर्घ परंपरा होती. हालींचे घराणे अन्सारी, म्हणजे मदीनेच्या ज्या रहिवाशांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना आश्रय दिला, त्यांच्याशी नाते सांगणारे होते. नऊ वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आईची मनःस्थिती ठीक नव्हती. थोरल्या भावाने आणि बहिणींनी त्यांना वाढवले. लहान वयातच कुरआन मुखोद्गत झाला. फारसी आणि अरबीची गोडी लागली. परंतु नियमित शिक्षणाची सोय काही झाली नाही.

सतरा वर्षांचे झाल्यावर वडीलधाऱ्यांनी त्यांचे लग्न लावून दिले. आता नोकरी पाहावी, अशी साऱ्यांची अपेक्षा होती. मुलाच्या मनात मात्र विद्येची तहान होती. पत्नीचे माहेर सुखवस्तू आहे, तिची आबाळ होणार नाही, एवढी खात्री बाळगून एके दिवशी कोणाला न सांगता ते पायी दिल्लीला निघाले. खिशात पैसा नव्हता. जामा मशिदीजवळच्या हुसेन बख्श मदरशात त्यांना आसरा मिळाला. याच विद्यार्थिदशेत त्यांनी अरबी भाषेत एक लहानसा प्रबंध लिहिला. त्यात ज्या विद्वानाची बाजू घेतली होती, त्याची मते गुरुजींना मान्य नव्हती. त्यांनी तो प्रबंध फाडून टाकला. हालींच्या लेखणीचा पहिला प्रयत्न असा संपला! दुसरा एखादा विद्यार्थी तेथेच खचला असता. हालींनी गुरूंविषयीचा आदर सोडला नाही आणि लेखणीही सोडली नाही.

त्याच काळात ते मिर्झा गालिब यांच्या घरी जाऊ लागले. गालिब सहसा कोणाला कवी होण्याचा सल्ला देत नसत. पण या तरुणाला मात्र त्यांनी सांगितले की, तू कविता केली नाहीस तर स्वतःच्या स्वभावावर अन्याय करशील. पुढे घरच्यांना पत्ता लागला आणि त्यांना पानिपतला परतावे लागले. हिसारच्या कलेक्टर कचेरीत लहानशी नोकरी धरली, तोच १८५७ चा उठाव झाला. जीव मुठीत धरून ते घरी पोहोचले. प्रकृती कायमची नाजूक झाली. ज्या दिल्लीत ते शिकले, ती दिल्ली उद्ध्वस्त झाली होती. घरे ओस पडली होती, विद्वान विखुरले गेले होते. एक संपूर्ण समाज आपल्या पूर्वजांच्या वैभवाच्या आठवणी काढत हताश बसला होता.

पुढील काही वर्षे त्यांनी जहांगीराबादचे नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांच्या मुलांना शिकवण्यात घालवली. शेफ्ता स्वतः जाणकार कवी होते. अतिशयोक्ती टाळून खरे तेच साधेपणाने सांगावे, ही दृष्टी हालींना त्यांच्याजवळ लाभली. १८६९ साली गालिब आणि शेफ्ता दोघेही निवर्तले. मग पोटापाण्यासाठी हाली लाहोरला गेले आणि सरकारी बुक डेपोत इंग्रजीतून उर्दूत झालेल्या भाषांतरांची भाषा सुधारण्याचे काम करू लागले. ज्या मदरशात ते शिकले होते, तेथे इंग्रजी विद्या त्याज्य मानली जाई. दिल्लीत राहूनही त्यांनी तेथील कॉलेज कधी पाहिले नव्हते. आता त्या भाषांतरांमधून त्यांना निराळेच साहित्य दिसू लागले. वयाच्या पस्तिशीनंतरही ते पुन्हा विद्यार्थी झाले, हे येथे लक्षात घ्या.

१८७४ साली लाहोरच्या ‘अंजुमन-ए-पंजाब’ने नव्या प्रकारचे मुशायरे सुरू केले. तेथे कवींना ठरावीक ओळ न देता विषय दिला जाई. हालींनी पावसाळा, आशा, देशप्रेम आणि दया व न्याय यांचा संवाद या विषयांवर कविता वाचल्या. प्रियकराच्या उसाशांत अडकलेली कविता मोकळ्या हवेत आली.

त्यानंतर ते दिल्लीच्या अँग्लो-अरेबिक शाळेत शिक्षक झाले. सर सय्यद अहमद खान यांनी त्यांना आग्रह केला की, समाजाला जागे करील असे काव्य लिहा. त्यातून १८७९ साली ‘मद्द-ओ-जज्र-ए-इस्लाम’ म्हणजे इस्लामची भरती-ओहोटी हे दीर्घकाव्य प्रकाशित झाले. सहा ओळींच्या कडव्यांमुळे ते ‘मुसद्दस-ए-हाली’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात अरबस्तानातील अज्ञानकाळ आहे, प्रेषितांचे (स.) आगमन आहे, बगदाद आणि कुर्तुबा येथील विद्येचा बहर आहे, आणि मग आळस, वृथा अभिमान, आपसांतील भांडणे यांनी ग्रासलेल्या आपल्या समाजाचे कठोर चित्र आहे. श्रीमंत, विद्वान, कवी अशा कोणाचीही त्यांनी गय केली नाही. दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी आरसा आपल्याच माणसांसमोर धरला.

टीका पुष्कळ झाली. लखनौच्या ‘अवध पंच’ने त्यांची टर उडवली. हालींनी उत्तर देण्यात वेळ दवडला नाही. मात्र एक उणीव त्यांनी स्वतःच ओळखली : काव्याचा शेवट निराशेचा झाला होता. अल्लाहच्या कृपेविषयी निराश होणे श्रद्धावंताला शोभत नाही. म्हणून १८८६ च्या आवृत्तीत त्यांनी आशेचा सूर असलेली पुरवणी जोडली. या काव्यातील प्रेषितांच्या (स.) स्तुतीचा भाग आजही मिलादच्या मैफलींत म्हटला जातो.

भगिनींनो, तुमच्यासाठीही या लेखणीने कष्ट घेतले. मुलींच्या शिक्षणावरील ‘मजालिस-उन-निसा’ या पुस्तकाला सरकारचे चारशे रुपयांचे पारितोषिक मिळाले आणि ते अनेक वर्षे मुलींच्या शाळांत शिकवले गेले. १८८४ साली ‘मुनाजात-ए-बेवा’ या कवितेत त्यांनी बालविधवेचे दुःख तिच्याच साध्या बोलीत अल्लाहसमोर मांडले. विधवेच्या पुनर्विवाहाला इस्लामने मोकळीक दिली असताना रूढीने तो निषिद्ध ठरवला होता. ती रूढी त्यांना सहन झाली नाही. १९०५ मधील ‘चुप की दाद’ ही कविता स्त्रियांनी मुकाट्याने सोसलेल्या त्यागाला दिलेली दाद आहे.

१८८७ साली हैदराबाद संस्थानाने त्यांना वर्षासन दिले. आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता, तेच हे संस्थान. अल्पशा रकमेवर समाधान मानून त्यांनी नोकरी सोडली आणि गालिब व सर सय्यद यांची चरित्रे तसेच काव्यविचाराचा पाया घालणारा ‘मुकद्दमा’ लिहिला. १९०४ साली ‘शम्स-उल-उलमा’ ही पदवी मिळाली. डिसेंबर १९१४ च्या अखेरीस पानिपत येथेच त्यांचे निधन झाले आणि बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले.

वाचकहो, दिव्य कुरआनच्या ‘अश-शुअरा’ या अध्यायाच्या शेवटी, दरीखोऱ्यांत भटकणारे आणि जे करत नाहीत ते बोलणारे कवी निंद्य ठरवले आहेत. परंतु श्रद्धा ठेवणारे, सत्कर्मे करणारे आणि अल्लाहचे स्मरण करणारे कवी त्यातून वगळले आहेत. हस्सान बिन साबित (रजि.) यांच्यासाठी प्रेषितांनी (स.) मशिदीत मिंबर ठेवविला होता, हे आपण जाणतो. म्हणजे प्रश्न कलेचा नाही. ती कोणाच्या सेवेत आहे, हा प्रश्न आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वहीत एखादी कविता असेल, गोष्ट असेल, तर ती लपवू नका. तुमच्या मोहल्ल्यात शाळा सोडलेला मुलगा आहे, हुंड्यासाठी अडलेले लग्न आहे, वाटणीसाठी न्यायालयात गेलेले भाऊ आहेत. त्यांच्याविषयी लिहा. खरे लिहा, सोपे लिहा आणि शेवटी आशा ठेवा. आणि पालकहो, मुलाने दाखवलेला कागद वाचल्याशिवाय बाजूला टाकू नका. फाडून टाकलेल्या पहिल्या प्रबंधानंतरही हाली लिहीत राहिले. प्रत्येकालाच ते जमेल असे नाही.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या देणगीचा योग्य वापर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.