पंडिता रमाबाईंचा प्रार्थनेचा नेम

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा साधेच लिहिणार. मी ख्रिस्ती घरातली. मंडळातल्या बहुतेकजणींच्या घरी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो. पण काळजी सगळ्यांच्या घरी सारखीच. अंबरनाथ काय, बदलापूर-उल्हासनगर काय, कारखान्याला टाळे लागले की बाईमाणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आमच्याही घराने ते दिवस पाहिले आहेत. त्या दिवसांत मला पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचून फार धीर आला.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष झाला आणि त्यांनी गंगामुळच्या रानात बिऱ्हाड थाटले. पुढे आईने तीच विद्या लेकीला दिली. तीर्थोतीर्थी पुराण सांगत हे कुटुंब फिरे. मग मोठा दुष्काळ पडला. नवस, पारायणे, दानधर्म, सारे करून झाले. 1874 साली आई-वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. म्हणजे देवाला हाक मारून काहीच न मिळणे काय असते, हे या मुलीने सोळाव्या वर्षी सोसले होते. पुढे तिचा प्रार्थनेवर विश्वास बसला, तो हे सगळे भोगून. म्हणून मला त्याचे मोल वाटते.

भावाबरोबर पायी देश हिंडत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 मध्ये पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मूल. तशातही पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. 1883 मध्ये त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेज गावी 29 सप्टेंबरला मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता सगळी तळमळ संपली असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. बाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे धर्म हाती होता, पण ज्याच्यापाशी मन निवावे तो ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विदुषी, आणि आठ वर्षे!

1889 च्या मार्चमध्ये मुंबईला विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सदनात कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असे ठरले होते. बाई मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत. दार मात्र उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. बभ्रा झाला, वर्तमानपत्रांत टीका झाली, 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती मला खोटी वाटत नाही; शब्द दिलेला होता. पण स्वतःच्या खोलीत देवाचे नाव घेताना दार का लावावे, हे बाईंचे म्हणणेही पटते. त्यांनी दार लावले नाही आणि नेमही मोडला नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाईंना स्वतःची उपासमार आठवली असणार. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. अमेरिकेतल्या हितचिंतकांची मदत पन्नासएक विधवांपुरती, तीही दहा वर्षांच्या बोलीची. 1898 मध्ये ती मुदत संपली. इंग्लंडात ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर हे कुणापुढे हात न पसरता प्रार्थनेवर अनाथालय चालवीत; बाईंनी तोच मार्ग धरला. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर, 1900 च्या सुमारास, तिथली माणसे दीड हजारांवर गेली. दीड हजार माणसांची रोजची भाकरी! आपण चार पाहुणे आले तर पिठाचा डबा हलवून बघतो.

प्रार्थना करून बाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, सगळ्यांत मुली तयार केल्या. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. 1905 च्या जानेवारीत सुमारे सत्तरजणी बाईंबरोबर रोज सकाळी खास प्रार्थनेला जमू लागल्या. पुढे त्या शेकडो झाल्या. मुक्तीचे काम आजही चालू आहे. आपल्याकडून कल्याणवरून पुणे आणि तिथून दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशन लागते. मंडळाची सहल एकदा तिकडे न्यावी, असे मला फार वाटते.

साध्या बायकांना कळेल असे मराठी बायबल असावे, म्हणून बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व भाषांतराला बसल्या. ते काम चालू असताना 1921 च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. सगळा कारभार जिच्या हाती सोपवायचा तीच गेली. बाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि कानांनी पार अधू झाल्या होत्या. त्यांनी भाषांतर सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यात छापून निघाले.