परदेशी भाषा आणि परराष्ट्रविचार : डॉ. आंबेडकरांचा एक अल्पपरिचित पैलू

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची निवड केली आहे. ज्ञातीच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या अंकात जातिनिर्मूलनाच्या पुरस्कर्त्याचे चरित्र यावे, यातील विसंगती आम्हांस ठाऊक आहे. तरीही ते द्यावे असेच आम्हांस वाटले. परंड्याच्या मुलाने राज्यशास्त्राबरोबर जर्मन किंवा फ्रेंच भाषा घेण्याचा मानस बोलून दाखविला, की घरातील वडीलधारी मंडळी पोटापाण्याचा प्रश्न पुढे करतात. त्या घरांसाठी हा लेख आहे.

डॉ. आंबेडकरांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. शाळेत त्यांस संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले, आणि त्यांनी फारसी घेतली. 1600 साली अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने मूर्तजा निजामशहास गादीवर बसवून काही काळ ज्या परंड्यातून राज्य हाकले, त्या आपल्या गावास फारसी परकी म्हणता येणार नाही! मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पदवीही त्यांनी इंग्रजी व फारसी घेऊनच संपादन केली.

1913 साली बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. महाराजांनी ज्ञाती पाहिली नाही. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती मात्र अद्याप ज्ञातीपुरतीच आहे, हे येथे नमूद केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

कोलंबियात त्यांनी घेतलेल्या विषयांत अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, राज्यशास्त्राचे 3 आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक आढळतो. म्हणजे भाषांचा वाटा अल्पच. परंतु त्या वेळी अर्थशास्त्रातील व इतिहासातील पुष्कळसे मूलगामी लेखन त्या दोन भाषांत होते. त्यांच्या इतिहासाच्या अध्यापकांपैकी जेम्स शॉटवेल हे 1919 च्या पॅरिस शांतता परिषदेस अमेरिकन शिष्टमंडळासमवेत गेले, आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. मागाहून येणारी त्यांची ग्रंथसंपदा युद्धात बोट बुडाल्याने समुद्रार्पण झाली. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. पुढील वर्षी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे त्यांनी प्रवेशासाठी पत्र धाडले ते जर्मन भाषेतच, आणि 1922 साली तेथे नावही नोंदविले. तो अभ्यास पुरा झाला नाही. लंडनचा प्रबंध त्यांस परत बोलावीत होता. 1923 साली डी.एस्सी. मिळाली.

आज ज्या जिल्ह्यात आपले परंडे आहे, त्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे 1941 साली वतनदारांच्या परिषदेस ते आले होते. पुढल्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक व कामगार यांस एकत्र बसविणारी त्रिपक्षीय परिषद त्यांनी भरविली. ही पद्धती शॉटवेल ज्या संघटनेच्या स्थापनेत होते तिचीच होय. 1946 साली कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला.

1951 साली केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी दिलेल्या कारणांत हिंदू कोड बिलाइतकेच परराष्ट्र धोरणही होते. साडेतीनशे कोटींच्या महसुलातील 180 कोटी सैन्यावर खर्च होतात, कारण जगात आपणांस मित्र उरले नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. 1954 साली राज्यसभेत त्यांनी तिबेटच्या प्रश्नावरून पंचशीलावरही टीका केली. त्यांचे सारेच मत आम्हांस मान्य आहे असे नाही, पण ते ऐकीव नव्हते.

संस्कृत नाकारले गेलेल्या या गृहस्थाने उत्तरायुष्यात पाली भाषेचा कोश व व्याकरण सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ते काम पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या 16 व्या खंडात छापले.