नांगर विकणारा मास्तर

आपल्या वर्गात कल्पनांचा तुटवडा कधीच नव्हता. गॅदरिंगच्या आदल्या रात्री आखलेल्या धंद्यांपैकी निम्मे जरी उभे राहिले असते, तरी ही स्मरणिका जाहिरातींशिवाय निघाली असती! म्हणून इथे लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी लिहावंसं वाटलं.

२० जून १८६९ चा त्यांचा जन्म, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे कळलं. मग ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले. भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान चालवलं, कडबा कापायची यंत्रं केली.

खरी कसोटी लोखंडी नांगराची. देशी लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, लोखंडी खोल जातो, हे त्या काळी आणखीही काहींना ठाऊक होतं. पण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांबद्दल आपण सहसा एका वाक्यात बोलून पुढे जातो. पैसे अडकलेले, गिऱ्हाईक नाही, आणि मालात मात्र सुधारणा करत राहायचं. व्यवसायात पडलेल्या आपल्या मित्रांना हे दिवस समजावून सांगायला नकोत.

त्यात बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजारांचं कर्ज मिळालं. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, आणि साप भरपूर. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून काम चालू ठेवलं. कारखान्यासोबत वसाहतही उभी करायची होती. औद्योगिक वसाहतीचं स्वप्न त्यांनी वाचनातून घेतलं असेल. पण रस्ते, पाणी, पगार आणि रात्रीचा पहारा हे सगळं रोजच्या रोज कुणीतरी बघावंच लागतं.

लक्ष्मणरावांनी ते एकट्याने बघितलं नाही. मला तर त्यांचं हेच सगळ्यात मोठं वाटतं. वसाहतीची आखणी रामूअण्णांची. कुठेही अडलं की शंभूराव जांभेकर. हिशेब आणि पत्रव्यवहार मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकरांनी तर शाळा अर्धवट सोडलेली (गुरुजनांनी माफ करावं), पण यंत्रात त्यांचं डोकं असं चालायचं की ते कारखान्याचे इंजिनिअर झाले. आणि पहाऱ्याला कोण, तर दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. कारखान्याची राखण त्यांच्या भरवशावर होती.