पस मॉथ ते जम्बो : जे. आर. डी. टाटा

नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांच्या विमानसेवेने मुंबई-दिल्ली मार्ग सुरू केला, तेव्हा विमान इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत दिल्लीला जात असे. गोवा आणि हैदराबाद हेही त्याच दशकात या सेवेच्या नकाशावर आले. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावांची विमानाशी पहिली ओळख ज्या माणसामुळे झाली, त्याचे हे चरित्र. त्यांच्या आयुष्यातले सगळेच प्रसंग इथे येणार नाहीत. पोलाद, रसायने, संशोधन संस्था यांवर भरपूर लिहिले गेले आहे. इथे मुख्यतः एका प्रश्नाकडे पाहायचे आहे : गरीब देशाच्या विमान कंपनीने जगातले सर्वांत मोठे प्रवासी विमान घ्यावे का?

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्देलो या गावी कुटुंब सुटीला जाई. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही तिथे घर होते. वाळूवर उतरणारी विमाने पाहतच हा मुलगा मोठा झाला. १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन एक इंजिनाचे पस मॉथ विमान त्यांनी स्वतः अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आणले. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून सगळा संसार पुण्याला हलवावा लागे. १९३३ या पूर्ण वर्षात प्रवासी किती, तर १५५. हा आकडा लक्षात ठेवावा.

पुढचा प्रवास झपाट्याचा. १९४६ मध्ये एअर इंडिया हे नाव आले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते मुळीच रुचले नव्हते, तरी अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि दोनच वर्षांत एअर इंडियाच्या ताफ्यात जेटखेरीज दुसरे विमान उरले नाही. जगात असे पहिल्यांदाच घडत होते.

मग जम्बोचा प्रश्न आला. एप्रिल १९६६ मध्ये पॅन अमेरिकनचे हुआन ट्रिप यांनी अजून कागदावरच असलेली पंचवीस बोइंग ७४७ विमाने ५२.५ कोटी डॉलरला मागवली. म्हणजे एकेक विमान सुमारे २.१ कोटी डॉलरचे. दोनच महिन्यांत आपल्याकडे रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर पावणेपाचवरून साडेसात रुपयांवर गेला. त्या हिशेबाने एका विमानाला पंधरा-सोळा कोटी रुपये, तेही परकीय चलनात. अन्नधान्य आयात करणाऱ्या देशासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

मोठ्या विमानाचे गणित सोपे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. साडेतीनशे जागा भरल्या तर माणशी खर्च ७०७ पेक्षा कमी. अर्धे रिकामे गेले तर इंधन, वैमानिक, विमानतळाचे भाडे यांपैकी फारसे काहीच अर्धे होत नाही. शिवाय रिकामी खुर्ची शिळ्या भाजीइतकीही टिकत नाही. विमान सुटले की ती गेलीच. पण लंडन-न्यूयॉर्क मार्गावर इतरांनी जम्बो आणल्यावर अरुंद ७०७ घेऊन उभे राहणेही परवडणारे नव्हते. आणि त्या काळी भविष्य ध्वनीपेक्षा वेगवान विमानांचे मानले जाई. एअर इंडियानेही दोन काँकॉर्डसाठी जागा धरून ठेवली होती. मोठे की वेगवान, हा खरा पेच होता. शेवटी काँकॉर्ड सोडून दिले गेले, जम्बो राहिले. माझ्या मते हा निवाडा बरोबर होता.

‘एम्परर अशोक’ हे पहिले ७४७ एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत उतरले. खिडक्यांना झरोक्याची नक्षी आणि आत आकाशातला महाल. पण जेआरडींची नजर महालापेक्षा चहाच्या कपावर अधिक. प्रवासात ते वही काढून बसत : चहा आणि कॉफीचा रंग सारखाच का, खुर्ची किती मागे झुकते, काउंटरवर धूळ का. एका फेरीत साडेतीनशे माणसे, म्हणजे १९३३ च्या वर्षभराच्या दुपटीहून जास्त. इतक्यांना गरम जेवण आणि स्वच्छ न्हाणीघर देणे हे विमान विकत घेण्याहून अवघड.

१९७३ च्या तेलसंकटाने इंधन महाग केले आणि जगभर जम्बो रिकामे धावू लागले. इथे एक गंमत झाली. त्याच तेलाच्या पैशाने आखाती देशांत कामे निघाली आणि केरळ, गोवा, कोकणातली माणसे तिकडे निघाली. जम्बोला न्यूयॉर्कइतकाच दुबईचाही आधार मिळाला.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ दुबईलाच निघाले होते. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानाचा कल दाखवणारे कप्तानासमोरचे उपकरण बिघडले होते आणि खाली काळोखा समुद्र. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. महिन्याभरात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. त्या दोन घटनांचा संबंध लावण्याचा मोह टाळलेला बरा, पण पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर निरोपाची ही रीत आजही खटकते. १९८० मध्ये ते संचालक मंडळावर परतले, अध्यक्ष म्हणून मात्र नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते पुन्हा एकटेच कराचीहून निघाले. विमान होते लेपर्ड मॉथ, एका इंजिनाचे. दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमधील पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.