कॉम्प्युटर नव्हते, तेव्हा त्याने हवामानाचं मॉडेल बनवलं. आज त्यावरच वणव्याचे ढग अभ्यासले जातात

मोठा वणवा पेटला की तापलेली हवा वेगाने वर जाते. उंचावर ती थंड होते, धुराच्या कणांवर बाष्प साचतं आणि आगीतूनच ढग तयार होतो. या ढगातली वीज पडून नवी आग लागू शकते. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांत असे ढग अनेकदा दिसले. शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास कॉम्प्युटर मॉडेलवर करतात. या पद्धतीचा पाया घालणारे होते लुईस फ्राय रिचर्डसन.

त्यांचा जन्म १८८१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. घरचे क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथातले. १९१३ मध्ये ते ब्रिटिश हवामान खात्यात लागले. त्यांची कल्पना अशी होती: हवेचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येकातला वारा, दाब, तापमान आणि बाष्प मांडायचं आणि पुढच्या काही तासांत काय होईल याचं गणित करायचं.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. रिचर्डसन यांना बंदूक धरायची नव्हती. १९१६ मध्ये नोकरी सोडून ते फ्रान्सला गेले आणि जखमी सैनिकांसाठी अॅम्ब्युलन्स चालवू लागले. फावल्या वेळात त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचं गणित हाताने सोडवलं. १९१७ च्या लढाईत हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाऱ्यात सापडलं.

उत्तर मात्र साफ चुकलं. गणितानुसार सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो जवळपास बदललाच नव्हता. तरीही १९२२ च्या पुस्तकात त्यांनी ते उत्तर जसंच्या तसं छापलं. घोळ सुरुवातीच्या आकड्यांत होता, मूळ कल्पना बरोबर होती, हे पुढे सिद्ध झालं.

१९२० मध्ये हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं, तेव्हा त्यांनी पुन्हा राजीनामा दिला होता. १९५० मध्ये अमेरिकेत एनिअॅक कॉम्प्युटरने पहिला अंदाज काढला. ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. १९५३ मध्ये त्यांचं निधन झालं.

वणव्याच्या मॉडेलमध्ये आजही हवेचे असेच तुकडे पाडतात. त्यात आगीची उष्णता आणि धुराचे कण यांची भर पडते. ढगातून सुटणारा वारा आगीला कुठे वळवेल, हे वेळेत कळलं तर आग विझवणाऱ्यांचे जीव वाचू शकतात.