निळ्या पाण्यात हरवलेला लाल रंग

भुकूमहून मालवणला जाऊन आलेली आमच्या शेजारची मुलं परवा फोटो दाखवत होती. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथं तरंगत टिपलेले मासे. तक्रार एकच : सगळं निळं-हिरवं आलंय.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. पाणी प्रकाशातला लाल भाग सगळ्यात आधी शोषून घेतं. दोन-तीन मीटरांतच रंग फिका पडू लागतो आणि दहा मीटरच्या खाली लाल वस्तू काळपट दिसते. हे कोडं पडद्यावर उलगडून दाखवलं ते झाक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने.

१९१० साली जन्मलेल्या कुस्तोंना खरं तर वैमानिक व्हायचं होतं. १९३६ मध्ये मोटार अपघातात हात जायबंदी झाले. एक हात कापण्यापर्यंत गोष्ट गेली, पण त्यांनी साफ नकार दिला. वैमानिकी मात्र संपली. हातात बळ यावं म्हणून ते तुलॉनच्या किनाऱ्यावर पोहू लागले. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, त्यामुळे दुबळ्या स्नायूंना तिथे हालचाल सोपी जाते. तिथेच फिलिप ताय्ये या सहकाऱ्याने त्यांना पोहण्याचा चष्मा दिला. उघड्या डोळ्यांना पाण्यात धूसर दिसतं, कारण पाणी कॉर्नियाला भिडलं की तिची किरण वळवण्याची ताकद जवळपास संपते. मध्ये हवेचा थर आला की चित्र स्वच्छ. कुस्तोंचं आयुष्यच त्या चष्म्याने फिरवलं.

१९४२ मधला त्यांचा पहिला सागरी लघुपट श्वास रोखून, पेटीबंद कॅमेऱ्याने चित्रित केलेला. जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून शुद्ध प्राणवायू वापरून पाहिला, तेव्हा दोनदा झटके आले. दाबाखाली शुद्ध प्राणवायू मेंदूला विषासारखा. सहा मीटरच्या खाली तो धोक्याचाच. मग १९४३ मध्ये एमिल गान्यां या इंजिनिअरबरोबर त्यांनी श्वास घेताना लागेल तेवढीच हवा, सभोवतालच्या दाबाने देणारी झडप बनवली. आजचं स्कूबा त्यातूनच आलं.

सहकारी द्युमा यांनी खोल पाण्यात भाल्याने मासा मारला, तेव्हा त्याचं रक्त हिरवं दिसलं होतं. पुढे कुस्तोंनी दिवे खाली नेले आणि प्रवाळांचे तांबडे-केशरी रंग उजळले. १९५६ च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्करही मिळालं.

पण त्यातले काही प्रसंग आज पाहवत नाहीत. मासे मोजायचे म्हणून प्रवाळावर सुरुंग लावलेला. जहाजाच्या पंख्याने व्हेलचं पिल्लू जखमी झालेलं, आणि त्याच्यावर तुटून पडलेल्या शार्कना खलाशांनी ओढून ठेचलेलं. शार्कचा गुन्हा काय, तर त्यांनी शार्कसारखं वागावं! कुस्तोंनी हे लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. चारच वर्षांनी, १९६० मध्ये, भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या विरोधात हाच माणूस उभा राहिला, आणि पुढे १९९७ मध्ये वारेपर्यंत समुद्र वाचवण्यासाठी बोलत राहिला.

मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुलांना आता पुढच्या सुट्टीत पाण्यात चालणारा टॉर्च हवाय.